पंडिता रमाबाई आणि मनुष्याचे मोल



आमची मंडळी मुंबईच्या उपनगरात, घाटकोपरापासून मुलुंडापर्यंतच्या चाळींत व झोपड्यांत विखुरलेली आहे. तीतील बहुतेक कुटुंबे जालना, सोलापूर व अहिल्यानगर या बाजूच्या खेड्यांतून पोटाच्या पाठीमागे येथे आली. म्हणजे ज्या गावी हे पत्र वाचले जाते त्याच गावांची ती लेकरे होत. गेल्या पावसाळ्यात शब्बाथ शाळेत आम्ही पंडिता रमाबाईंचे नाव घेतले, तेव्हा एक मुलगा मोठ्या उत्साहाने म्हणाला की ही बाई आपणांस ठाऊक आहे, घाटकोपरची रमाबाई नगर वसाहत तिच्याच नावाची आहे. आम्हांस त्याचे कौतुक वाटले, परंतु चूक दुरुस्त करावी लागली. ती वसाहत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई यांच्या नावाची. त्या माउली १९३५ साली वारल्या. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नीही रमाबाईच. त्यांनी पुण्यास सेवासदनाचे मोठे काम केले. महाराष्ट्रास या एका नावाच्या तीन थोर स्त्रिया लाभल्या, आणि आम्ही बोलत होतो ती तिसरी.

शाळा सुटल्यावर मुलांस न्यावयास आलेली एक बाई मागे राहिली. ती चार घरची धुणीभांडी करिते. तिने विचारले की, या तिन्ही बायांची नावे राहिली, पण आपण ज्या घरांत दहा वर्षे राबतो तेथे आपले नाव कोणी कधी विचारिले नाही; तर देवाच्या घरी तरी आपल्यासारखीची काही गणती असते काय? आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते पाठ केलेले होते, आणि तिचे समाधान झाले नाही हे तिच्या मुद्रेवरून दिसले. खरे उत्तर त्याच पंडिता रमाबाईंच्या चरित्रात होते, हे घरी गेल्यावर आमच्या ध्यानी आले. ते चरित्र आज आम्ही तिच्यासाठी व तुम्हां सर्वांसाठी सांगतो.

रमाबाईंचा जन्म इ. स. १८५८ च्या एप्रिल महिन्याच्या २३ व्या तारखेस सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. हे स्थळ आता कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे नामांकित संस्कृत पंडित होते. स्त्रियांस ती भाषा शिकविणे त्या काळी निंद्य समजत. परंतु शास्त्रीबोवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांस ती शिकविली, आणि त्याबद्दल पंडितांच्या सभेपुढे त्यांस जाब द्यावा लागला. पुढे लक्ष्मीबाईंनी तेच धन आपल्या धाकट्या मुलीस दिले. पहाटे पाखरे जागी होण्याच्या वेळी त्या मुलीस उठवीत आणि श्लोक म्हणवून घेत. रमाबाई अगदी लहान असतानाच घरादारावर पाणी सोडून हे कुटुंब यात्रेस निघाले. देवळांत व नदीच्या घाटांवर पुराण सांगावे, श्रोते देतील त्यावर निर्वाह करावा, आणि पुढील तीर्थाची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता.

इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. जवळचे द्रव्य दानधर्मात संपले होते आणि मोलमजुरी करण्याची त्या घराण्यास सवय नव्हती. रानातील पाला खाऊन त्यांनी दिवस काढले. प्रथम वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या मृत्यूच्या वेळची एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ज्या घराण्याच्या पायांवर लोक डोके ठेवीत, त्या घराण्याच्या मयतास खांदा देण्यास कोणी पुढे येईना. कसेबसे दोन ब्राह्मण मिळाले. तिसरा खांदा रमाबाईंचा भाऊ श्रीनिवास याने दिला आणि चौथा रमाबाईंस द्यावा लागला. त्या ठेंगण्या होत्या. तिरडी खांद्यावर घेतली तर ती कलंडे, म्हणून त्यांनी ती डोक्यावर धरिली आणि तशाच त्या स्मशानापर्यंत गेल्या. जग मनुष्याचे मोल कसे करिते, याचा पहिला धडा त्यांस तेथे मिळाला. अन्न आहे तोवर मान आहे, अन्न सरले की ओळखही सरते.

पुढे दोघे भावंडे उत्तर हिंदुस्थान फिरत १८७८ साली कलकत्त्यास आली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेतली. वीस वर्षांची ही मुलगी संस्कृतात वाद करिते आणि तेथल्या तेथे श्लोक रचिते हे पाहून सारे थक्क झाले. त्यांनी तीस पंडिता म्हटले व सरस्वती ही पदवी दिली. कालपर्यंत जिच्या आईच्या तिरडीस माणूस मिळत नव्हता तिच्या व्याख्यानास आज गर्दी लोटू लागली.

वाचकहो, आता या मुलीच्या मनास शांती मिळाली असेल असे तुम्हांस वाटेल. तसे झाले नाही. स्त्रियांस धर्म सांगता यावा म्हणून तिने धर्मशास्त्रे काढून वाचिली. आपल्या उत्तरवयात तिने लिहून ठेविले आहे की, निरनिराळ्या ग्रंथांत पुष्कळ मतभेद असले तरी एका गोष्टीवर त्यांचा मेळ तिला दिसला. ती गोष्ट ही की, स्त्री आणि शूद्र यांस त्यांच्या आहे त्या जन्मी, आहे त्या स्थितीत, मोक्षाचे दार उघडे नाही. जिला सरस्वती म्हणून गौरविले तिलाच त्या पुस्तकांत आपल्यापुरती जागा सापडेना. लोकांच्या दृष्टीने मोठेपणा मिळाला, परंतु अंतःकरणातील रिते ठिकाण रितेच राहिले. पदव्यांनी मनुष्याचे मोल ठरत असते तर पंडिता रमाबाईंस पुढे काही शोधण्याची गरज पडली नसती.

१८८० साली भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणीने लग्न केले. ते दुसऱ्या जातीचे असल्यामुळे उभयतांस बहिष्कार सोसावा लागला. सिलचर येथे त्यांच्या घरी पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत होती. तिच्या वाचनाने येशू ख्रिस्ताशी रमाबाईंची ओळख वाढली. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा ही कन्या झाली. तिला वर्ष पुरे होण्यापूर्वीच, १८८२ च्या फेब्रुवारीच्या ४ थ्या तारखेस, पटकीच्या आजाराने मेधावी वारले. आईबाप नाहीत, भाऊबहीण नाहीत, नवरा नाही, जात नाही. तेवीस वर्षांची विधवा आणि तिच्या कडेवर तान्ही मुलगी. त्या काळचा समाज विधवेकडे कोणत्या नजरेने पाही हे आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नको.

त्या महाराष्ट्रात पुण्यास आल्या. १८८२ साली त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, आणि हंटर साहेबांच्या शिक्षण कमिशनापुढे स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक व स्त्री डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूने १८८३ साली त्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला; पण ज्यासाठी देवाने त्यांस तेथे नेले होते ते निराळेच होते.

त्या भगिनींनी रमाबाईंस लंडनजवळ फुलहॅम येथील एका आश्रमात नेले. ज्या स्त्रियांचे पाऊल वाकडे पडले होते व ज्यांस समाजाने टाकून दिले होते त्यांची तेथे मायेने सेवाशुश्रूषा होत असे. रमाबाईंनी आपल्या देशात विद्वान पाहिले होते, व्रते व दाने पाहिली होती. परंतु अशा स्त्रियांच्या अंगाला कोणी प्रेमाने हात लावावा, त्यांचे पुन्हा नीट होईल अशी आशा धरावी, हे त्यांनी कोठे पाहिले नव्हते. याचे कारण काय असे त्यांनी विचारिले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय काढून शोमरोनी स्त्रीची हकीकत त्यांस वाचून दाखविली.

ती हकीकत आपण सर्वांनी ऐकिली आहे. पण खेड्यात राहणाऱ्यास ती जितकी कळते तितकी शहरातील मनुष्यास कळत नाही. भर दुपारी, पाणवठ्यावर कोणी नसते अशा वेळी, एक स्त्री घागर घेऊन एकटी येते. तिची जात वेगळी आणि तिची अब्रू गेलेली. तिच्या हातचे पाणी प्रभू येशू मागतो. पाणवठ्यावरून मागे सारणे म्हणजे काय हे आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे, म्हणून पाणी मागण्यात त्या स्त्रीस केवढे मोल दिले गेले हे आपणांस चटकन कळावे. आणि लक्षात ठेवा, प्रभूस तिचा सगळा पूर्वेतिहास माहीत होता. माहीत असूनही तो तिच्याशी बोलला. रमाबाईंस ग्रंथांत जी जागा सापडली नव्हती ती या विहिरीच्या काठी सापडली. १८८३ च्या सप्टेंबरच्या २९ व्या तारखेस वाँटेज येथे त्यांचा व लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

इकडे महाराष्ट्रात मोठा गहजब झाला. काल ज्यांनी डोक्यावर घेतले त्यांपैकी अनेकांनी टीकेची झोड उठविली. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली आपल्या सत्सार पत्रात बाईंची बाजू घेतली. तिकडे इंग्लंडातही सर्व सुरळीत नव्हते. चेल्टनहॅमच्या विद्यालयात रमाबाई शिकत व शिकवीत असत; पण त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये, अमुक मत मान्य करावे, असा वडीलधाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी आग्रह धरिला. बाईंनी त्यांचे उपकार मानिले, परंतु आपली विवेकबुद्धी त्यांच्या स्वाधीन केली नाही. जिने मोठ्या कष्टाने एक जू टाकिले होते ती दुसरे जू मानेवर घेण्यास तयार नव्हती. ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो. ज्यास देवाने मोल दिले त्याने मनुष्यांपुढे उद्धट होऊ नये, परंतु लाचारही होऊ नये; मग ते मनुष्य पाटील असो, मालक असो किंवा मिशनाचा अधिकारी असो.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले, आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्यास मदत करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. परत येऊन १८८९ च्या मार्च महिन्याच्या ११ व्या तारखेस त्यांनी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. बालविधवा गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी याच गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. १८९० साली शारदा सदन पुण्यास गेले.

येथवरचे चरित्र सर्वांस ठाऊक आहे. आता जी गोष्ट सांगावयाची ती फारशी सांगितली जात नाही. बाप्तिस्म्यास आठ वर्षे झाली होती. बाईंची कीर्ती दोन खंडांत पसरली होती. त्या रोज शास्त्र वाचीत, प्रार्थना करीत, विधवांसाठी झिजत. तरी आपल्या अंतर्यामी समाधान नाही असे त्यांस वाटे. त्या सुमारास त्यांनी हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त वाचिले. तो मनुष्य पाळक होऊन उपदेश करीत होता, परंतु स्वतः तारण पावलेला नव्हता. ते वाचून बाईंच्या लक्षात आले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारिला खरा, परंतु स्वतः ख्रिस्ताच्या हाती आपणांस सोपविले नाही. तो जगावर प्रीती करितो हे त्यांनी मानिले होते. तो मजवर, या रमेवर, प्रीती करितो हे त्यांच्या काळजात उतरले नव्हते. क्षमा ही मजुरीप्रमाणे कमवावयाची नसून देणगी म्हणून ओंजळीत घ्यावयाची असते, हे त्यांस १८९१ च्या सुमारास उमगले, आणि जे विद्येने व सेवेने मिळाले नव्हते ते समाधान त्यांस मिळाले.

येथे आम्ही एक कबुली देतो. आम्ही धर्मशाळेत शिकलो, आमच्यावर पाळक म्हणून हात ठेविले गेले, आणि पुष्कळ वर्षे आम्ही आपले मोल वार्षिक अहवालात मोजीत होतो. यंदा बाप्तिस्मे किती झाले, सभांस माणसे किती, वर्गणी किती जमली, हे आकडे वाढले की आम्ही देवापुढे ताठ उभे राहत असू आणि घटले की तोंड लपवीत असू. मोलकरणीची समजूत अशी की आपणाकडे काही नाही म्हणून आपली गणती नाही. उपदेशकाची समजूत अशी की आपण काही करितो म्हणून आपली गणती आहे. या दोन्ही समजुती एकाच चुकीच्या दोन बाजू होत. देवाने आपणांवर प्रीती केली ती आपण काही करण्याच्या अगोदर.

परंतु या प्रीतीने मनुष्य आळशी होतो काय? बाईंचे पुढील आयुष्य पाहा. १८९३ साली सदनातील काही मुली ख्रिस्ताकडे ओढल्या जात आहेत असे कळताच सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर आदि गृहस्थांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या गृहस्थांस आम्ही दोष देत नाही. धर्मात ढवळाढवळ होणार नाही असा विश्वास त्यांनी लोकांस दिला होता व तो सांभाळणे त्यांस भाग होते. पूर्वीच्या रमाबाई असत्या तर या आघाताने खचून गेल्या असत्या. आता त्यांचे मोल लोकांच्या मतावर टांगलेले नव्हते. त्यांनी शांतपणे काम चालू ठेविले.

१८९६ साली मध्यप्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपण रानात पाला खाल्ला होता ते दिवस बाईंस आठवले. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीने हाडांचा सापळा झालेल्या, रोगाने ग्रासलेल्या, दुष्टांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या. त्यांत अनेक जातींच्या मुली होत्या. पुण्यास प्लेगाचे निर्बंध असल्यामुळे केडगाव येथे पूर्वी घेतलेल्या जमिनीवर त्यांस नेण्यात आले, आणि तेथे मुक्ती सदन उभे राहिले. इ. स. १९०० पर्यंत तेथे सुमारे दीड हजार माणसे राहत होती. पाऊल घसरलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन झाले, वृद्ध व अपंग यांसाठी प्रीती सदन झाले, आणि अंध मुलींसाठी बार्तिमी सदन झाले. मनोरमेने ठिपक्यांची लिपी शिकून घेतली व आंधळ्या मुलींस वाचावयास शिकविले. त्या मुली विणकाम, शिवण, शेती, दूधदुभते, तेलाचा घाणा, छापखाना, अशी नाना कामे शिकल्या. ज्यांस दारोदार हाकलले होते त्यांच्या हाताने खिळे जुळू लागले व पुस्तके छापून निघू लागली.

विद्येचे काय झाले? तीही बाईंनी या मुलींच्या पायाशी आणून ठेविली. खेड्यातील अडाणी बाईस समजेल असे पवित्र शास्त्र मराठीत असावे म्हणून त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला व सबंध शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. सरस्वती ही पदवी मिळविणाऱ्या पंडितेने अवघड शब्द वेचून वेचून बाजूस काढिले, ते कोणासाठी? ज्यांचे नाव कोणी विचारीत नाही अशांसाठी. १९१९ साली सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु या भाषांतरापेक्षा ते त्यांस मोठे वाटले असेल असे आम्हांस वाटत नाही.

१९२१ साली मनोरमा वारली. जिला कडेवर घेऊन त्या समुद्रापार गेल्या, जिच्या हाती पुढील कार्य सोपवावयाचे होते, ती चाळीस वर्षांची कन्या आईच्या देखत गेली. बाईंनी दुःख गिळून शास्त्राची मुद्रिते तपासण्याचे काम पुरे केले, आणि ते पुरे होताच, १९२२ च्या एप्रिलच्या ५ व्या तारखेस, त्यांनी केडगावी प्राण सोडिला. ते शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढिले. मुक्ती मिशनाचे काम केडगावी आजही चालू आहे.

आईच्या तिरडीच्या वेळी चौथा खांदेकरी न मिळालेली ती मुलगी आणि केडगावी शेकडो अनाथांची आई होऊन निजलेली ती वृद्धा, या दोहोंमध्ये देवाच्या दृष्टीने मोलाचा फरक पडला होता काय? आम्हांस वाटते, पडला नव्हता. रानात तिरडी डोक्यावर घेऊन चालणारी ती पोर त्या दिवशीही देवास तितकीच प्रिय होती. तिला ते ठाऊक नव्हते एवढेच. ठाऊक झाल्यावर तिने ते दुसऱ्यांस सांगण्यात आयुष्य वेचिले.

पुढील रविवारी आम्ही त्या बाईस ही हकीकत सांगितली. ती फार काही बोलली नाही. जाताना तिने आपले नाव सांगितले, माहेरचे व सासरचे दोन्ही, आणि प्रार्थनेच्या वेळी ते घ्यावे अशी विनंती केली. इतकी वर्षे ती आमच्या मंडळीत येत होती आणि आम्हीही ते विचारिले नव्हते, ही लाज आमच्या पदरी राहिली. उपदेशक बंधूंनो, तुमच्या गावी पाठीमागच्या चटईवर बसणाऱ्या बायाबापड्यांची नावे तुम्हांस ठाऊक आहेत काय? देवास आहेत.

मुलुंडास आमच्या खोलीवरून रात्री गाड्यांचा आवाज येतो. त्याच लोहमार्गावरून कल्याण व पुणे ओलांडून पुढे गेले की केडगावचे स्टेशन लागते. गाडी धडधडत गेली की आम्ही आता त्या आश्रमाची आठवण करितो, आणि ज्या ज्या खोलीत कोणी आपणांस कवडीमोल समजून जागे असेल त्यासाठी प्रार्थना करितो. देव करो आणि तुम्हांसही ते कळो, जे पंडिता रमाबाईंस कळावयास इतकी वर्षे लागली.